दारासमोरची पितळी नावे

जर्मनीतल्या बहुतेक शहरांत जुन्या वस्तीतल्या पदपथावर, एखाद्या इमारतीच्या दाराशी, तळहाताएवढे पितळी चौकोन फरशीच्या पातळीत बसवलेले आढळतात. प्रत्येक चौकोन सुमारे ९६ मिलिमीटर लांब-रुंद असतो. त्याखाली काँक्रीटचा ठोकळा असतो, त्यामुळे तो जमिनीत घट्ट राहतो. पितळेवर हाताने ठोकलेली अक्षरे असतात आणि मजकुराचा क्रम जवळपास ठरलेला असतो: येथे राहत होता किंवा होती, मग नाव, जन्मवर्ष, कधी आणि कुठे पाठवले गेले, कुठे आणि कोणत्या वर्षी मारले गेले. काही दगडांवर शेवटची ओळ वेगळी असते, कारण ती व्यक्ती पळून वाचलेली असते. तिथे पलायनाचे वर्ष आणि देश येतो. या दगडांना जर्मनमध्ये श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागावी असा दगड. प्रत्यक्षात ठेच लागत नाही, कारण दगड फरशीशी समतल असतो.

नाझी राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली. या हत्याकांडाची मोठी स्मारके, संग्रहालये आणि जतन केलेल्या छळछावण्या युरोपभर आहेत. रस्त्यावरच्या स्मारकांचे काम त्यांहून वेगळे आहे. छावणीचे स्मारक माणूस जिथे मेला ते ठिकाण दाखवते, तर रस्त्यावरचे स्मारक तो जिथे राहत होता ते. त्यामुळे ज्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्याला नेले, त्यांच्या दारालाही ते लागून असते.

या दगडांची कल्पना गुंटर डेम्निग या शिल्पकाराची. त्याचा जन्म १९४७चा, बर्लिनचा. दगडांची सुरुवात मात्र ज्यूंपासून झालेली नाही. मे १९४० मध्ये कोलोन शहरातून सुमारे हजार रोमा आणि सिंती लोकांना, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटले जाई त्यांना, पाठवून देण्यात आले होते. ज्यूंच्या पुढच्या हद्दपारीची ही रंगीत तालीमच होती. त्या घटनेला ५० वर्षे झाली तेव्हा, १९९० मध्ये, डेम्निगने त्यांना नेलेल्या वाटेवर रंगाची रेघ उमटवली. ते काम चालू असताना एका वृद्ध बाईने त्याला सांगितले, की आमच्या वस्तीत जिप्सी कधी राहतच नव्हते. राहत होते, शेजारणीला त्याचा पत्ताच नव्हता, किंवा आठवण राहिली नव्हती. यातून नाव घराच्या दारापर्यंत नेण्याचा विचार पुढे आला, असे डेम्निगने सांगितले आहे. १६ डिसेंबर १९९२ रोजी कोलोनच्या जुन्या नगरभवनासमोर पहिला दगड बसवला गेला. रोमा-सिंतींना आउश्वित्झच्या छळछावणीत पाठवण्याच्या एसएस-प्रमुख हिमलरच्या आदेशाला त्या दिवशी ५० वर्षे पूर्ण होत होती आणि दगडावर त्याच आदेशाची सुरुवात कोरलेली होती.

व्यक्तींच्या नावांचे दगड नंतर आले. १९९६ मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात पन्नासएक दगड परवानगी न घेताच बसवले गेले. पालिकेच्या दृष्टीने ते बेकायदा होते आणि पुढे रीतसर मान्य झाले. १९९७ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळच्या एका गावात ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातल्या दोघा भावांसाठी दगड बसले. त्यांनी हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला होता. २०००नंतर हा उपक्रम वेगाने पसरला. २०१९च्या अखेरीस मेमिंगेनमध्ये ७५ हजारावा आणि २६ मे २०२३ रोजी न्युरेंबर्गमध्ये एक लाखावा दगड बसला. तोपर्यंत तीसच्या आसपास देशांत हे दगड पोहोचले होते. लाखावा दगडही ज्यू माणसाचा नव्हता. राजवटीविरुद्ध बोलल्याबद्दल मारल्या गेलेल्या योहान विल्ड या अग्निशामक कर्मचाऱ्याचा तो होता. बहुसंख्य दगड ज्यूंचे असले तरी रोमा, समलिंगी पुरुष, अपंग, मनोरुग्ण आणि राजकीय विरोधक यांचेही आहेत. जिथे एकेकासाठी दगड बसवणे अशक्य असते तिथे लांब पट्टी बसवतात. श्ट्रालझुंड इथली अशी एक पट्टी ११६० मनोरुग्णांसाठी आहे.

एवढी संख्या असूनही हे काम कारखानदारी पद्धतीने होत नाही. एका दगडावर एकच माणूस, हा नियम. अक्षरे एकेक करून ठोकली जातात. २००५पासून हे काम बर्लिनमधला मिखाएल फ्रिडरिख्स-फ्रिडलेंडर हा कारागीर करतो. जर्मनीत दगडाचा खर्च दीर्घकाळ १२० युरो होता आणि तो सरकार नव्हे, तर कोणी रहिवासी, शाळेचा वर्ग, नातलग किंवा गल्लीतली मंडळी देत आली आहेत. आणखी एक संकेत पाळला जातो: कुटुंबातला कोणी वाचला असेल, तरी त्याचाही दगड इतरांशेजारी बसवायचा. आई-बाप मारले गेले, मुलगा इंग्लंडला पोहोचला, मुलगी दुसऱ्याच खंडात, असे विखुरलेले कुटुंब निदान दारापुढे तरी पुन्हा एका ओळीत येते.

खरे काम दगड बसवण्याआधीचे आहे. कोण कुठे राहत होता हे कसे कळते? याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे: मारणाऱ्यांच्या दप्तरातून. १७ मे १९३९च्या जर्मन जनगणनेत प्रत्येक घरातून एक जादा पत्रक भरून घेतले गेले होते आणि त्यात आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होते हे लिहावे लागे. हद्दपारीआधी प्रत्येकाकडून मालमत्तेचे तपशीलपत्र घेतले जाई. पलंग किती, ताटे किती, कपाटात चादरी किती, हे सर्व त्यात असे. मागे राहिलेला माल सरकारजमा करून लिलावात काढायचा असल्यामुळे हा तपशील लागे. ब्रांडेनबुर्गच्या अभिलेखागारात अशी पत्रे गठ्ठ्यांनी आहेत. रेल्वेने गेलेल्यांच्या याद्या, जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराने तयार केलेली स्मरणनोंद, आरोल्सेनचे अभिलेखागार आणि जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेतली साक्षपत्रे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. शाळकरी मुले हे काम करतात तेव्हा त्यांच्या हाती येणारा पहिला कागद बहुधा चादरींच्या मोजणीचा असतो.

पत्त्यातही मेख आहे. ३० एप्रिल १९३९च्या कायद्याने ज्यू भाडेकरूंचे संरक्षण काढून घेतले आणि त्यांना ठरावीक ‘ज्यू घरां’त कोंबायला सुरुवात झाली. त्यामुळे अखेरचा नोंदलेला पत्ता पुष्कळदा लादलेला असतो. म्हणून दगड शेवटच्या पत्त्यावर न बसवता, माणसाने स्वतः निवडलेल्या अखेरच्या घरापुढे बसवण्याचा प्रघात पडला. यासाठी जुन्या पत्त्यांच्या निर्देशिका आणि भाडेपावत्या धुंडाळाव्या लागतात, आणि बहुतेक वाद इथेच होतात. दगडावरच्या मजकुरावरूनही वाद झाले. काही दगडांवर नाझी न्यायालयाने लावलेला आरोप त्यांच्याच शब्दांत कोरला गेला होता. मारणाऱ्याची शिवी मृताच्या नावाखाली कायमची कशाला, हा नातलगांचा आक्षेप रास्त होता.

दगड हा रस्त्यावरच्या स्मरणाचा एकमेव प्रकार नाही, आणि अनेकांच्या मते सर्वात धारदारही नाही. बर्लिनच्या शोनेबर्गमधल्या बव्हेरियन वस्तीत १९९३ मध्ये रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नोक या कलावंतांनी दिव्याच्या खांबांवर ८० फलक लावले. फलकाच्या एका बाजूला साधे रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला ज्यूंविरुद्धचा एखादा नियम आणि त्याची तारीख. ज्यूंनी पिवळ्या बाकावरच बसावे. रात्री आठनंतर घराबाहेर पडू नये. घरात पाळीव प्राणी ठेवू नये. या वस्तीत एके काळी डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी सुखवस्तू ज्यू कुटुंबे मोठ्या संख्येने राहत, आइन्स्टाइनही तिथलाच. फलक लागताच काही रहिवाशांना हे खरेच ज्यूविरोधी प्रचाराचे काम वाटले आणि पोलिसांनी काही फलक उतरवले. पुढे प्रत्येक फलकाखाली हे स्मारक असल्याची छोटी पट्टी लावावी लागली. ज्या नियमांनी एक वस्ती रिकामी केली, तेच नियम वाचून पन्नास वर्षांनी लोक घाबरले, हा स्मारकाचा दोष नाही.

पॅरिसमध्ये शाळांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत. फ्रान्समधून ११ हजारांहून अधिक ज्यू मुले छावण्यांत पाठवली गेली. त्यांतली जी त्या शाळेत शिकत होती, त्यांचा उल्लेख पाटीवर असतो. व्हिएन्नाच्या लेओपोल्डश्टाट भागात २००५पासून पितळी पाट्यांची स्वतंत्र मालिका आहे. बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठावर लोखंडी बुटांचे ६० जोड आहेत. १९४४-४५च्या हिवाळ्यात ‘ॲरो क्रॉस’ या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या टोळ्यांनी लोकांना काठावर बूट काढायला लावून गोळ्या घातल्या, त्याची ती खूण. अलीकडे कल पुन्हा मोठ्या नामभिंतींकडे आहे. २०२१ मध्ये ॲम्स्टरडॅमला डॅनिएल लिबेस्किंडच्या आराखड्यानुसार १ लाख २ हजार विटांचे स्मारक झाले, प्रत्येक विटेवर एक नाव. त्याच वर्षी व्हिएन्नात चौसष्ट हजारांहून अधिक नावांची दगडी भिंत उभी राहिली. अशा भिंतीवर नाव सापडते, पण गल्ली हरवते. दुसऱ्या बाजूला, श्टोल्परश्टाइनची कल्पना इतर छळांकडेही गेली: मॉस्कोत २०१४पासून ‘अखेरचा पत्ता’ या उपक्रमाखाली स्टालिनकाळात नेल्या गेलेल्यांच्या घरांवर पाट्या लागू लागल्या.

विरोध सर्वांत ठाम झाला तो म्युनिकमध्ये. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोट क्नोब्लोख स्वतः लहानपणी खेड्यात लपून वाचल्या होत्या. ज्यांना जिवंतपणी बुटांनी तुडवले, त्यांची नावे पुन्हा बुटांखाली का ठेवायची, हा त्यांचा सवाल. २००४ मध्ये शहराने सार्वजनिक जागेत दगड बसवायला मनाई केली आणि एका ज्यू दांपत्यासाठी आधीच बसवलेले दगड उखडले. त्या दांपत्याचा मुलगा दगडांच्या बाजूने होता. २०१५ मध्ये मनाई कायम झाली. २०१८पासून म्युनिकने भिंतीवर किंवा खांबावर, डोळ्यांच्या पातळीत, छायाचित्रासह पाट्या लावायला सुरुवात केली. खासगी जागेत मात्र दगड बसतच आहेत. दगडांच्या बाजूचे लोक सांगतात की ते नाव वाचायला माणसाला वाकावे लागते, आणि हे वाकणेच नमस्कार आहे.

मराठी वाचकाला या वादाच्या दोन्ही बाजू घरच्याच वाटाव्यात. पाय लागला तर लगेच हात लावून नमस्कार करणाऱ्या समाजात नाव जमिनीवर असणे खटकणारच. पण पंढरपूरला नामदेवांची पायरी आहे, तीच मुळी भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर किल्ला बांधणाऱ्या हिरोजीचे नाव आहे आणि ते तिथे असण्यात कोणी अपमान पाहत नाही. फरक निवडीचा आहे. नामदेव आणि हिरोजी यांनी ती जागा स्वतः मागितली, असे परंपरा सांगते. बर्लिनच्या किंवा म्युनिकच्या मृतांना कोणी विचारले नव्हते. क्नोब्लोख यांच्या आक्षेपात हे वजन आहे आणि दगडाचे समर्थक त्याला पूर्ण उत्तर देऊ शकलेले नाहीत.

दगड सुरक्षितही नसतात. ग्राइफ्सवाल्डमध्ये ९ नोव्हेंबर २०१२च्या आधीच्या रात्री, म्हणजे १९३८च्या ज्यूविरोधी दंगलीच्या स्मरणदिनाच्या तोंडावर, शहरातले सगळे ११ दगड चोरीला गेले. डिसेंबर २०१८ मध्ये रोमच्या मोंती भागात एका कुटुंबाचे २० दगड एका रात्रीत उखडले. दोन्हीकडे पुन्हा बसवले गेले. एरवी पितळ काळवंडते आणि शेजारचे लोक वर्षातून एकदोनदा स्पंज व पॉलिश घेऊन ते घासतात.

हे सगळे निघण्याच्या ठिकाणाबद्दल झाले. जे निसटले ते कुठे पोहोचले, या बाजूला रस्त्यावरच्या खुणा अगदी विरळ आहेत, आणि महाराष्ट्र या बाजूला येतो.

१९३३ ते १९४५ या काळात जर्मन भाषा बोलणारे ज्यू निर्वासित ब्रिटिश हिंदुस्थानात आले. त्यांची संख्या अभ्यासक हजारापासून काही हजारांपर्यंत धरतात. अमेरिका, पॅलेस्टाइन किंवा शांघायच्या तुलनेत ती फार लहान. यातला मोठा हिस्सा मुंबईत उतरला. १९३४ मध्ये मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. मुंबईत आधीच बेने इस्रायली आणि बगदादी ज्यू असे दोन जुने समाज होते. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेल्यावर इथल्या ब्रिटिश सरकारने प्रवेशाचे नियम आवळले आणि आलेला माणूस सरकारवर भार होणार नाही अशी हमी मागितली जाऊ लागली. हमी उभी करण्याचे काम ज्यू रिलीफ असोसिएशनने केले. ज्यू तज्ज्ञांना हिंदुस्थानात काम मिळावे असा आग्रह जवाहरलाल नेहरूंनी धरला होता. त्याच सुमारास, १९३७-३८ मध्ये, मुंबईचे महापौर डॉ. एलिजा मोझेस हे बेने इस्रायली गृहस्थ होते. युरोपात ज्यू माणसाला बाकावर बसणे मुश्किल झाले असताना मुंबईच्या पहिल्या नागरिकाची खुर्ची एका ज्यूकडे होती, आणि शहरात यात कोणाला काही विशेष वाटल्याचे दिसत नाही.

आलेल्यांपैकी काहींनी शहरावर कायमचा ठसा उमटवला. बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत आला, बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभारण्यात पुढे होता, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचा प्रमुख झाला आणि १९४६ मध्ये निघून गेला. तीन पिढ्यांनी पहाटे ऐकलेली आकाशवाणीची ओळखधून त्याची मानली जाते. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ज्यू पत्नी केथेसह १९३८ मध्ये निसटला आणि टाइम्स ऑफ इंडियाचा कलासंचालक झाला. ज्यू वंशाचा रुडॉल्फ फॉन लायडन १९३३ मध्येच बर्लिनहून आला होता आणि त्याच दैनिकात कलासमीक्षा लिहीत असे. एमान्युएल श्लेसिंगर हा व्हिएन्नाचा उद्योजक चित्रे विकत घेई. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या कलावंतांचा प्रोग्रेसिव्ह गट निघाला, त्याच्या पाठीशी उत्तेजन, समीक्षा आणि गिऱ्हाईक या तीन रूपांत हे तिघे होते. नृत्यांगना हिल्डा होल्गर १९३९ मध्ये व्हिएन्नाहून आली, तिने मुंबईत नृत्यशाळा चालवली, पारशी डॉक्टरशी लग्न केले आणि १९४८ मध्ये लंडन गाठले. तिची आई आणि अनेक नातलग मागेच राहून मारले गेले. प्रागचा साहित्यिक विली हास, काफ्काच्या वर्तुळातला, मुंबईत दिग्दर्शक मोहन भवनानींसाठी चित्रपटकथा लिहीत होता. ही नामवंत मंडळी झाली. त्यांच्याबरोबर आलेले दंतवैद्य, टंकलेखक आणि लहान व्यापारी कलेच्या इतिहासात येत नाहीत. दगड नेमका अशांसाठीच असतो.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि पासपोर्ट जर्मन म्हणून हेच लोक रातोरात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. पुरुषांना पकडून अहमदनगरच्या छावणीत नेले गेले. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने चौकशी करून बऱ्याच ज्यूंना सोडले, पण १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर पुन्हा धरपकड झाली. काहींना देवळालीमार्गे देहरादूनला, तर कुटुंबांना पुरंदर किल्ला आणि सातारा इथल्या नजरकैदेच्या केंद्रांत ठेवले गेले. शत्रू म्हणून पकडलेल्या नाझी समर्थकांबरोबर नाझींपासून पळालेले ज्यू एकाच कुंपणात आले, ही तक्रार वारंवार झाली आणि पुढे गट वेगळे केले गेले. नोव्हेंबर १९४१च्या फर्मानाने जर्मनीने परदेशातल्या ज्यूंचे नागरिकत्वच रद्द केले. म्हणजे ज्या कागदामुळे ते इथे कैदेत होते, तो कागद तिकडे रद्दी झाला होता.

मुंबईच्या मालाड उपनगराचाही या नजरकैदेशी संबंध येतो, पण उलट्या बाजूने. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली तेव्हा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टन, छायालेखक योसेफ विर्शिंग आणि इतर काही तंत्रज्ञ जर्मनीहून आणले होते. ते निर्वासित नव्हते, करारावरचे नोकरदार होते. अस्पृश्यतेवर बोट ठेवणारा ‘अछूत कन्या’ १९३६ मध्ये ऑस्टनने मालाडला केला आणि त्याच वर्षी तो नाझी पक्षाचा सभासद झाला. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावल्या, हा प्रश्न चित्रपटाच्या इतिहासात फारसा विचारला गेलेला नाही. युद्ध सुरू होताच मालाडच्या जर्मनांनाही नेले गेले. ऑस्टन वयामुळे सुटून जर्मनीला परतला. विर्शिंगने अहमदनगरपासून साताऱ्यापर्यंतच्या छावण्यांत युद्ध काढले, नंतर तो इथेच राहिला आणि ‘महल’ व ‘पाकीजा’चे छायालेखन त्याने केले. स्टुडिओचे आवार पुढे औद्योगिक गाळ्यांनी भरले. अहमदनगरच्या कुंपणात मालाडहून आलेला पगारी जर्मन आणि मुंबईच्या भाड्याच्या खोलीतून आलेला व्हिएन्नाचा ज्यू असे दोघेही जर्मन म्हणूनच मोजले जात होते.

महाराष्ट्रात या इतिहासाची म्हणून दाखवली जाणारी सर्वांत मोठी खूण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आहे, पण तिची गल्लत होते. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांना १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हाकलले होते आणि ते इराणमार्गे आले. बहुतेक कॅथलिक होते. म्हणजे वळिवडे हे स्टालिनच्या हद्दपारीचे स्मरण आहे, ज्यू हत्याकांडाचे नव्हे, जरी त्याच प्रवाहात काही ज्यूही होते. इराणमध्ये जमलेली ज्यू मुले १९४३च्या सुरुवातीला कराचीमार्गे पॅलेस्टाइनला गेली. वळिवड्याच्या आठवणीसाठी कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्तंभ आहे, २०१९ मध्ये वळिवड्यात संग्रहालयाला सुरुवात झाली आणि पोलंडची राजधानी वॉर्सा इथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे भेट दिली. छावणीत राहिलेल्यांनी स्वतः संघटना करून हा पाठपुरावा दशकानुदशके केला, म्हणून ते घडले. मुंबईचे ज्यू निर्वासित १९४६नंतर अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, इस्रायल असे पांगले आणि मुंबईच्या नावाने एकत्र येणारी अशी संघटना त्यांच्यात उभी राहिली नाही.

इथले ज्यू स्मरण वेगळ्या गोष्टींचे आहे. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून बुडालेल्या पूर्वजांच्या दफनभूमीवर बेने इस्रायलींचे स्मारक आहे. ते एका समाजाचे आहे, त्यात एकेकाचे नाव नाही. मशीद बंदरची सॅम्युअल स्ट्रीट १७९६ मध्ये सिनेगॉग बांधणाऱ्या सॅम्युअल दिवेकरांची आणि महालक्ष्मी-वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड त्याच महापौरांचा. कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात २००८च्या दहशतवादी हल्ल्यातल्या मृतांची नावे कोरलेली आहेत. उलट्या टोकाला, २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव दिले गेले. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते बदलले. त्यामागे द्वेषापेक्षा अडाणीपणाच होता, असे मानायला जागा आहे. ज्या शहरात हिटलरपासून पळालेले लोक राहून गेले त्या शहरात ते कुठल्या इमारतींत राहिले याची एकही खूण नसेल, तर असा अडाणीपणा फार आश्चर्याचा नाही.

मुंबईला रस्त्यावर नाव लावणे परके नाही. उपनगरांत प्रत्येक दुसऱ्या नाक्याला कोणा कैलासवासी माणसाच्या नावाची चौकपाटी असते. त्याहून जुनी रीत बोरिवलीच्या एक्सर गावात दिसते. तिथल्या वीरगळांवर जहाजांसह समुद्रयुद्ध कोरलेले आहे. पण वीरगळ लढून पडलेल्याचा असतो आणि चौकपाटी मान्यवराची. ज्याने शौर्य गाजवले नाही, पद भूषवले नाही, फक्त जो अमुक मजल्यावर राहत होता आणि ज्याला तिथून जावे लागले, त्याच्यासाठीची रीत अजून नाही. नगरपालिकांच्या नामकरणाच्या चौकटीत तो बसत नाही.

श्टोल्परश्टाइनच्या नियमांनुसार मुंबई थेट पात्रही ठरत नाही. दगड जिथून माणूस उखडला गेला तिथे बसतो, जिथे आसरा मिळाला तिथे नाही. याला अपवाद झाले आहेत. युरोपबाहेरची पहिली पट्टी २०१७ मध्ये ब्युनोस आयर्सच्या पेस्टालोझी शाळेसमोर बसली. नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या जर्मन कुटुंबांनी आणि निर्वासितांनी ती शाळा चालवली होती. मुंबईत तो मार्ग निघाला तरी काम पत्त्यांपासूनच सुरू करावे लागेल. इथे जर्मनीसारखी मारणाऱ्यांची दप्तरे नाहीत, पण कैद करणाऱ्यांची आहेत: परकीयांची नोंदणी, नजरकैदेच्या याद्या, डार्लिंग समितीचे कागद, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गृहखात्याच्या फायली. त्यात बंद्याचे नाव असते, आणि काही वेळा पकडला तेव्हाचा मुंबईतला राहता पत्ताही.